नावपट्टी

आमच्या सरपंचांची, आप्पांची, खुर्ची पंचायतीच्या ओसरीवर रस्त्याकडं पाठ आणि नदीकडं तोंड करून ठेवलेली असायची. वेताची, रुंद हातांची, एके काळची रेल्वेच्या वेटिंगरूममधली. दौंडला लिलावात घेतलेली. शिरूरहून कुणी साहेब आला, की त्याला आधी आप्पांच्या फेट्याचा शेमला दिसायचा, मग आप्पा. मी नवीन असताना एकदा झाडताना खुर्ची फिरवून ठेवली. आप्पांनी ती उचलून परत नदीकडं केली आणि बसल्यावर म्हणाले, "कारकूनबाई, रस्त्यानं येणारा सरकारी मानूस असतोय. त्यो न बोलवता येतोय. नदीनं जाणाऱ्याला हाक मारायला लागती."

हाक मारायला त्यांच्याजवळ पत्र्याचा भोंगा होता. कुठल्याशा निवडणुकीत उरलेला.

आमचं गाव भीमेच्या उत्तर काठावर. आम्ही शिरूर तालुक्यात, समोरचा काठ दौंड तालुक्यात, आणि हद्द नदीच्या मधोमध. पोहायला गेलेली पोरं दुपारभर तालुके बदलत असत. पक्का रस्ता गावापासून दीड कोसावरून जायचा. वारा बरा असला की दौंडच्या गाड्यांच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, गाडी मात्र कधी दिसायची नाही. वाट वाकडी करून आमच्याकडं यावं असं गावात काही नव्हतं, आणि आप्पांचं सगळं दुःख एवढंच होतं. शेती बरी होती, मुलगे कर्ते होते, बायको खमकी होती. तरी गावावरून कुणी न थांबता पुढं गेलं, की घरातून पाहुणा न जेवता गेल्यासारखं त्यांना लागायचं.

त्यांचे उपाय मी जवळून पाहिले, म्हणून हे लिहून ठेवते आहे. उपाय चुकीचे असतील. त्रासदायक तर होतेच. पण तसला माणूस मला पुढच्या नोकरीत, कुठल्याच कार्यालयात भेटला नाही.

एसटीची गाडी फाट्यावरून जायची, थांबायची नाही. अर्ज करून झाले होते. मग आप्पांनी एका पत्र्यावर पांढऱ्या रंगानं 'थांबा' एवढंच लिहिलं आणि तो पत्रा फाट्यावरच्या लिंबाला ठोकला. नवीन ड्रायव्हर आला की पाटी बघून गाडी उभी करायचा. उतरायला कुणी नाही, चढायला कुणी नाही. झाडाखालून आप्पा उठायचे आणि म्हणायचे, "राम राम पाव्हणं. चहा ठेवलाय."

एका कंडक्टरनं आवाज चढवला. "आप्पा, हा बसथांबा कुणी मंजूर केला?"

"मी कुठं बस म्हणलो? नुसतं थांबा म्हणलोय. आता थांबलाय तर बसा, न्हाईतर उभ्यानं प्या."

गाडीतली माणसं हसली. कंडक्टरनंही शेवटी चहा घेतला. पुढं कधीतरी तिथं खरोखरच विनंती थांबा झाला. तो आप्पांमुळं झाला की दमून झाला, हे मला सांगता येणार नाही.

मी त्या पंचायतीत कारकून लागले तेव्हा नुकती मॅट्रिक झाले होते. बौद्धवाड्यातलं माणूस पंचायतीच्या खुर्चीत, आणि तेही बाई, असं गावात पहिल्यांदाच घडत होतं. माझ्या वडिलांना आप्पा एकेरी हाक मारायचे, मला मात्र 'कारकूनबाई' आणि 'तुम्ही'. पहिल्याच सभेत मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तर एका सदस्यांनी मान फिरवून "तहान न्हाई" म्हटलं. पुढच्या सभेला आप्पांनी नवा नियम सांगितला: सभेत ज्याला बोलायचं असेल त्यानं आधी पाणी प्यायचं, आणि पाणी कारकुनानंच द्यायचं.

"ह्यो कसला नियम?" ते सदस्य म्हणाले.

"घसा कोरडा असला की मानूस वाकडं बोलतंय," आप्पा म्हणाले. "आन् तुम्ही आत्ता पानी न पिता बोललाय, म्हंजी ते आम्ही ऐकलंच न्हाई."

सदस्य दोन सभा मुके बसले. मग त्यांच्याच शेताजवळच्या मोरीचा विषय आला. उठले, पुन्हा बसले, शेवटी माझ्याकडं न बघता हात पुढं केला. "द्या बाई, पानी." प्याले. आप्पा नदीकडं बघत म्हणाले, "आजून एक घ्या. मोरी मोठी हाय."

एवढा एक तांब्या माझ्या पंचवीस भाषणांपेक्षा उपयोगी ठरला, असं मी आजही मानते.

आता नावपट्टी. नदीत तेव्हा पाणी असेपर्यंत होड्यांची ये-जा असे. भोई मासे धरत जायचे, कुणी कलिंगडं उतरवायचा, कुणी लग्नाचं सामान. घाटाखालून सगळे जायचे आणि आप्पांच्या हाकेला हात हलवून पुढं व्हायचे. आप्पांना हात हलवलेला चालत नसे. त्यांनी ठराव आणला. तोंडी मजकूर त्यांचा, अक्षर माझं: 'परगावाहून येणाऱ्या नावांवर दर खेपेस रुपया एक पट्टी घ्यावी, पावती द्यावी, व पट्टी भरणाऱ्यास गावाने भाकरी घालावी.'

शिरूरला साहेबांनी विचारलं, "यातून वर्षाला उत्पन्न किती धरता?"

"उत्पन्न कशाचं? चार मानसं थांबतील."

"अहो, पण भाकरीचा खर्च पट्टीपेक्षा जास्त होईल."

"मंग भाकरी कमी कशी करायची सांगा," आप्पा म्हणाले.

भाकरी आप्पांच्याच घरातली असायची. त्यांच्या बायकोला सगळं गाव काकी म्हणे. काकी चुलीपुढून ओरडायच्या, "पट्टी घेतंय गाव, आन् थापतीया मी! माझ्यावर एखादी पट्टी बसवा, म्हंजी मलाबी कुनीतरी वाढंल!"

पट्टीचे परिणाम व्हायचे तेच झाले. भोई हलक्या होड्यांचे. ते हद्द ओलांडून दौंडच्या काठाला चिकटून जाऊ लागले. पलीकडून मजेत हाक द्यायचे, "आप्पा, आमी दौंडात हाय!" त्यामुळं आमच्या गावात मासळी यायची बंद झाली आणि बायका आप्पांना रस्त्यात गाठून बोलू लागल्या. कुणी गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडायचा, तर काहील नाव धरायची की भांडं, यावर एक सभा गेली. आप्पांचा निवाडा असा, की चुलीवर असेतो भांडं, पाण्यात उतरली की नाव. सगळ्यांत वाईट म्हणजे वरच्या अंगाच्या दोन-तीन गावांनी आमचं बघून पट्टी सुरू केली. भाकरीचं कलम त्यांनी गाळलं.

दिवाळी होऊन गेली होती. नदी उतरायला लागली होती आणि खोल धार तेवढी आमच्या घाटाला लागून वाहत होती. त्या दिवसांत दुपारी घाटावर गलका झाला, म्हणून मी ओसरीवरून पाहिलं. धारेतून एक शिडाची नाव येत होती. शीड गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचं. नाव जड बुडाची, पलीकडच्या उथळ पाण्यातून जाणं तिला शक्य नव्हतं. सुकाणूला पांढऱ्या मिशांचा गृहस्थ, आणि पुढं ट्रंकेवर बसलेली नऊवारीतली बाई.

आप्पांनी भोंगा उचलला. "थांबा! पाव्हणं, थांबा!"

नाव घाटाला लागली. मी पावतीपुस्तक घेऊन खाली गेले. आप्पांनीच विचारायला सुरुवात केली.

"नाव?"

"दिसत नाही का? होडीच आहे," गृहस्थ म्हणाले.

"होडी दिसतीया. नाव काय?"

"कुणाचं? माझं का हिचं?"

"नावेचं नाव."

"ठेवलं नाही. नावं ठेवणारे मात्र वाटेत लई भेटले. प्रत्येक गावाला पट्टी! कुठं दोन तास पावतीपुस्तक सापडंना, कुठं सरपंच शेतात. चार दिवसांच्या वाटेला आठ दिवस झाले. आता मी एक पैसा देणार नाही."

त्यांचं नाव गणपतराव. मूळचे इंदापूरकडचे, पोरवयात मुंबईला पळालेले, जन्मभर जहाजावर खलाशी. आता खडकीला राहत होते. नाव त्यांनी अंगणात स्वतः बांधली होती आणि पुण्याच्या खाली पाण्यात घातली होती. बंदरांचा त्यांना अनुभव दांडगा. घाटाच्या पायरीवर एक पाय ठेवून ते आप्पांना म्हणाले, "पट्टी मी दुनियाभर भरलेली बघितली. पण तिथं धक्का असतो. धक्का कुठाय तुमचा?"

"ह्यो काय घाट."

"दिवा?"

आप्पांनी लगेच एकाला कंदील आणायला पिटाळलं. भर दुपारी घाटावर कंदील टांगला गेला.

"गोड्या पाण्याचा नळ?"

"अवो, नदीतच हाय की तुम्ही!"

लोक हसले आणि तिथं गणपतरावांचं बिनसलं. ते नावेत जाऊन बसले. आप्पांनी बैलाच्या दावणीची साखळी आणवली, नाव घाटाच्या कड्याला अडकवली, कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली. "रुपाया भरा, भाकरी खावा, जावा."

"रुपया नाही, भाकरी नाही, आणि साखळी काढल्याशिवाय मी उतरत नाही."

मी बाईंना पाणी दिलं. त्या तेवढ्या खाली उतरल्या होत्या. पाणी पिऊन त्यांनी मला हळूच विचारलं, "इथनं इंदापूरच्या अंगाला किती लागतंय गं, पोरी?"

खाली उजनीला धरणाचं काम चाललं होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बाईंचं माहेर त्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांतलं. गाव उठत आलं होतं. त्यांच्या भावाचा निरोप होता: बहुतेक घरं गेली, मीही घर उतरवतोय, पण बाजारापर्यंत तुझ्यासाठी थांबतो. बाजार परवा होता. लग्नानंतर त्यांचे यजमान सदा समुद्रावर, दर खेपेला पत्रात लिहायचे की एकदा तुला बोटीनं माहेरी नेईन.

"एसटीनं जावा ना," मी म्हणाले. मला तेच व्यवहाराचं वाटलं.

"एसटीनं गेले तर ह्यांनी बांधलीया कशासाठी?" बाई म्हणाल्या. "आन् ह्यांना असं साखळीला सोडून जाऊ?"

मी आप्पांकडं गेले, सगळं सांगितलं आणि पदरचा रुपया टेबलावर ठेवला. आप्पांनी तो परत माझ्याकडं सरकवला. "दुसऱ्याची पट्टी भरता येत न्हाई. काल त्या भोयाला सोडला का मी? आज कसा सोडू? त्येला म्हणावं, एक डाव खाली उतर, चार घास खा, जा की बाबा." त्यांचा चेहरा पडलेला होता. त्यांना रुपया नकोच होता, तो माणूस घाटावर उतरून जेवायला हवा होता. आणि तो नेमका तेवढंच करत नव्हता. बाईंनी रुपया काढला, तर गणपतराव नावेतून म्हणाले, "तू भरलास तर मी पुढं येत नाही. एकटी जा."

संध्याकाळी बाई काकींकडं जेवल्या. गणपतरावांनी ताट परत पाठवलं. आप्पाही त्या दिवशी जेवले नाहीत, हे काकींनी मला सकाळी सांगितलं. "दोन म्हातारी, दोन्ही उपाशी, आन् मधी एक साखळी!"

सकाळी सगळं गाव घाटावर. ऊन चढत होतं. नदी कालपेक्षा बोटभर खाली गेलेली, ओल्या पायरीवर ते स्पष्ट दिसत होतं. गणपतरावांनीही ते पाहिलेलं असणार, कारण ते सारखे वाकून बुडाकडं बघत होते. आप्पांनी मला नाव जप्त करण्याआधीचा रिवाज म्हणून ठराव मोठ्यानं वाचायला सांगितलं. मी वाचला.

"परगावाहून येणाऱ्या नावांवर दर खेपेस..."

"थांब गं पोरी," बाई म्हणाल्या. "कशावर पट्टी?"

"नावांवर."

"मंग असं की!" त्यांनी पदर सारखा केला आणि आप्पांकडं वळल्या. "नावाचीच पट्टी हाय ना आप्पा? घेते की मी नाव!"

क्षणभर कुणाला कळलं नाही. आधी काकींना कळलं. "घ्या बाई, घ्या! अगं, पुढं या गं सगळ्या, पाव्हणी नाव घेतीया!" बायका घाटाच्या पायऱ्या उतरून पुढं सरकल्या. ठरावात काय लिहिलंय ते आप्पांनीच सांगितलेलं होतं. नावेत गणपतराव म्हणाले, "अगं, काय हे चारचौघांत!" आणि कानापर्यंत लाल झाले. बाईंनी नंतर काकींना सांगितलं म्हणे, की जन्मभर हळदीकुंकवाला नाव घेतलं, पण नावाचा धनी समोर असा कधी नव्हताच.

बाईंनी साखळीकडं बघितलं, घाटाकडं बघितलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"भीमेच्या धारेला घातलंय कुलूप,
काकींच्या भाकरीवर गाईचं तूप,
माहेरच्या वाटेचा मनात हुरूप,
गणपतरावांचं नाव घेते, नाव सोडा, ऊन झालं खूप!"

बायकांनी असा गलका केला की पलीकडच्या काठावरचे भोई उभे राहिले. आप्पांनी कनवटीची किल्ली काढली. कुलूप लवकर उघडेना. उघडल्यावर साखळी पायरीवर टाकून ते म्हणाले, "घेतलं नाव. न्या नाव!" मग माझ्याकडं वळून, "लिवा कारकूनबाई, पट्टी पोचली."

"रुपयाच्या रकान्यात काय लिहू?"

"काय ऐकलं ते लिवा!"

मी उखाणा लिहिला. चार ओळी त्या रकान्यात मावल्या नाहीत, शेजारच्यात गेल्या. त्यावर पुढं तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला, तो वेगळा विषय.

गणपतराव उतरले. पायरीवर उकिडवे बसून काकींच्या हातची अर्धी भाकरी घाईघाईनं खाल्ली, आप्पांनी समोर बसून उरलेली अर्धी. खाऊन झाल्यावर आप्पांनी भोंगा उचलला, धोतर खोचलं आणि कुणाला काही कळायच्या आत नावेत चढले.

"तुम्ही कुठं निघालाय?" काकी ओरडल्या.

"म्होरच्या गावांनीबी पट्टी लावली असंल तर? ह्यांना आडवलं तर बाजार चुकंल. मी सांगतो त्यांना."

"आन् हद्द?" कुणीतरी विचारलं. आप्पा गावाची हद्द पाण्यातून कधी ओलांडत नसत, दुसऱ्याच्या नदीत आपण कशाला शिरा म्हणून.

आप्पांनी भोंगा तोंडाला लावला. शीड भरलं. वळणापलीकडं नाव दिसेनाशी झाल्यावरही भोंग्यातला आवाज येत राहिला. "पट्टी भरलीया! आडवू नका! पट्टी भरलीया!"

पट्टी त्यानंतर फार दिवस टिकली नाही. नदीचं पाणी बदललं, होड्या बदलल्या, पुढं आप्पा सरपंचही राहिले नाहीत. ते गेले तेव्हा मी बदलीच्या गावी होते. मला कळलं ते उशिरा, आणि शिरूरच्या स्टँडवर, गर्दीत. खुर्ची आता त्यांच्या नातवाच्या घरी आहे, टीव्हीकडं तोंड करून.

त्या वेळी आप्पा चौथ्या दिवशी परत आले. दौंडपर्यंत गाडीनं, तिथून चालत पलीकडच्या काठाला. तिथून होडी मागवायला भोंगा वाजवला, आणि ज्या भोयांना त्यांनी पट्टी लावली होती, त्यांनीच हसत हसत त्यांना अलीकडं आणून सोडलं. ओसरीवर येऊन खुर्चीत बसले. मी पाणी दिलं.

"पोचली का ती बाई?" मीच विचारलं.

"पोचली. बाजारादिवशी, उन्हं कलताना." आप्पा म्हणाले, "गावात कुनी न्हाई. घरांची छपरं उतरलेली. कुत्रंसुदिक न्हाई भुंकायला. मी भोंग्यातनं हाक मारली, तर माझीच हाक माघारी आली. एका घरापुढं तेवढी भरल्याली गाडी आन् एक मानूस उभा. तिचा भाऊ. वासं काढल्यालं, दारं काढल्याली, सगळं गाडीत. चौकट तेवढी जाग्यावर ठेवलीया. मी म्हणलो, आरं, ही का ठेवलीस? तर म्हणतोय, बहीण यायची हाय, तिला उंबऱ्यातनं आत घ्यायची हाय."

"मग?"

"तिथं कुठली वहिनी, कुठली आरती. त्यानंच भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायावर पानी घातलं. ती उंबरा वलांडून आत गेली. आत काय, वर आभाळ. थोडा येळ बसली. चूल व्हती तिथं हात लावला. मंग आपनहून उठली, आन् बाहीर आली."

आप्पांनी तांब्या खाली ठेवला. तळहात उघडून बघितले. दोन्ही तळव्यांवर फोड होते.

"मंग त्यानं पहार घेतली. पर चौकट जड असती, कारकूनबाई. एका मानसाला पेलत न्हाई. एका बाजूनं गणपतरावानं धरली, आन् एका बाजूनं मी."